नाद, गद आणि ताप : ध्वन्युपचारांच्या भाषेची एक समीक्षा

१

मराठीत 'कान वाजणे' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ रूढ आहेत. पहिला अर्थ शरीराचा आहे. बाहेर कोणताही आवाज नसता कानात शिट्टी, घोंघावणे किंवा रातकिड्यांची किरकिर ऐकू येत राहणे, हा तो अर्थ होय. दुसरा अर्थ व्यवहारातला आहे. कोणी हाक मारली नसता "कोणी हाक मारली का?" असे विचारणाऱ्यास "तुझे कान वाजले असतील" असे उत्तर मिळते, म्हणजे तुला भास झाला, असे त्यास सांगितले जाते. पहिल्या अर्थाने हा शब्दप्रयोग पीडा सांगतो. दुसऱ्या अर्थाने तीच पीडा खोटी ठरवितो. कर्णनादाने त्रस्त झालेला माणूस या दोन अर्थांच्या कात्रीत सापडलेला असतो. जखम दाखविता येते, ज्वर मोजता येतो. पण कानातील नादास, काही विरळ प्रकार सोडले तर, दुसरा साक्षीदार मिळत नाही. तो ज्यास ऐकू येतो त्यासच ऐकू येतो.

साक्षीदाराच्या या अभावातूनच प्रस्तुत विषयाचे गांभीर्य निर्माण होते. घरच्यांनी हसण्यावारी नेलेल्या, कचेरीत कोणास सांगता न येणाऱ्या आणि घाईत असलेल्या वैद्यकीय सल्लागाराने "याची सवय करून घ्या" एवढ्या एका वाक्यात निकालात काढलेल्या या पीडेवर विश्वास ठेवणारा पहिला माणूस पुष्कळदा ध्वन्युपचार विकणारा असतो. विशिष्ट आवर्तनांचे संगीत, दोन कानांत दोन भिन्न स्वर सोडणाऱ्या ध्वनिमुद्रिका, धातूच्या वाडग्यांचा नाद, रोगपरत्वे नेमून दिलेले राग इत्यादी अनेक रूपांनी हा उपचार आज पुढे येतो. त्याच्याबरोबर त्याचे एक वाङ्मयही येते. पत्रके, पुस्तिका आणि ध्वनिमुद्रिकांची निवेदने यांनी बनलेले हे वाङ्मय आपली प्रतिष्ठा एकाच वेळी प्राचीन शास्त्रग्रंथ आणि आधुनिक विज्ञान या दोहोंकडून उसनी घेते. या दोन्ही आधारांची तपासणी करणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

हा प्रश्न पुण्यापासून दूरचा नाही. मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे काही दशकांपूर्वीपर्यंत शेतीचे गाव होते. ग्रामदैवत म्हातोबाच्या चैत्रातील यात्रेत बगाडाभोवती होणारा गजर हा तेथील मोठा आवाज, आणि तो वर्षातून एकदाच होणारा. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. इमारतींची बांधकामे, वाहनांची अखंड रांग आणि २०१८ साली पायाभरणी झालेल्या मेट्रोमार्गाचे काम यांनी गावाचा ध्वनिपरिसर पालटला. त्याहून महत्त्वाचा बदल मात्र बाहेरून ऐकू येत नाही. तेथे काम करणाऱ्या हजारो माणसांचे कान दिवसातील बराच काळ हेडफोनखाली असतात. बैठक कानातच भरते, ग्राहकाचे संभाषण कानातच होते, आणि परतीच्या बसमध्ये रस्त्याचा गोंगाट बुजविण्यासाठी त्याहून मोठे संगीतही कानातच सोडले जाते. ज्या हेडफोनमधून कानास इजा पोहोचू शकते, त्याच हेडफोनमधून "कानातील नाद घालविणारा" नादही विकत घेता येतो. ध्वन्युपचाराच्या वाङ्मयाचा अपेक्षित वाचक कोण, हे समजण्यास हिंजवडीचे उदाहरण म्हणूनच उपयोगी पडते.

२

प्रथम प्राचीन आधाराचा विचार करू जाता असे दिसते की, कर्णनाद हा आयुर्वेदास अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत. त्यांत शूल, प्रणाद, बाधिर्य आणि क्ष्वेड यांची गणना आहे. श्रम, क्षय, रूक्ष व तुरट अन्न इत्यादी कारणांनी प्रकुपित झालेला वायू शब्दवाही मार्गात स्थिर झाला म्हणजे क्ष्वेड उत्पन्न होतो, अशी त्याची मीमांसा आहे. पुढे माधवनिदानात दोन नादांमधील भेद स्पष्ट केला आहे. भेरी, मृदंग, शंख यांच्यासारखे नानाविध ध्वनी ऐकू येणे तो कर्णनाद, आणि वेळूच्या घोषासारखा ध्वनी ऐकू येणे तो कर्णक्ष्वेड. रुग्णाच्या सांगण्यावरून ध्वनीची जात ओळखण्याचा हा प्रयत्न आहे. 'तुला काय ऐकू येते?' हा प्रश्न येथे गंभीरपणे विचारला गेला आहे, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

आता या सूचीशेजारी दुसरी एक सूची ठेवून पाहावी. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या हठयोगप्रदीपिकेत नादानुसंधानाचे वर्णन आहे. साधकाने कान झाकून अंतरात ऐकावे. प्रथम समुद्र, मेघ, भेरी यांसारखे स्थूल नाद ऐकू येतात, मग मृदंगाच्या जातीचे, शंखाचे आणि घंटेचे नाद येतात, आणि अखेरीस किंकिणी, वेळू, वीणा व भ्रमर यांचे सूक्ष्म नाद प्रकट होतात, असा त्याचा क्रम आहे. भेरी, शंख आणि वेळू या दोन्ही सूचींत आहेत. वैद्याच्या ग्रंथात जे रोगलक्षण, तेच योग्याच्या ग्रंथात साधनेतील प्रगतीचे चिन्ह होय.

या साम्यावरून ध्वन्युपचाराचे वाङ्मय एक सोपा निष्कर्ष काढते. कर्णनाद हा रोग नसून जागृत होऊ पाहणारा अनाहत नाद आहे, असे ते सुचविते. ज्ञानेश्वरीच्या (इ. स. १२९०) सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन आणि संतवाङ्मयातील अनुहताचे उल्लेख मराठी वाचकाच्या कानावरून गेलेले असल्यामुळे त्यास हे पटण्याचा संभव अधिक. परंतु या निष्कर्षात एक मोठी चूक आहे. योगी कान झाकतो तो स्वेच्छेने, ऐकावयाचे म्हणून. आणि अनुसंधान संपवून उठणे त्याच्या हाती असते. रुग्ण कान झाकतो तो ऐकू येऊ नये म्हणून; आणि झाकताच नाद वाढलेला आढळून तो अधिकच घाबरतो. दोहोंच्या कानातील ध्वनी एकसारखा असेलही, पण ऐकणाऱ्याचे त्या ध्वनीशी असलेले नाते सर्वस्वी भिन्न आहे. हठयोगप्रदीपिकेसही हा भेद ठाऊक होता असे दिसते. कारण त्या ग्रंथात नादाचे फल नाद नाहीसा होणे असे न सांगता, अभ्यासाने चित्ताचा विक्षेप जिंकला जाणे असे सांगितले आहे.

दुसरीही एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. सुश्रुताने प्रणाद, क्ष्वेड इत्यादी चार विकारांवर सामान्य उपचार सांगितले आहेत ते स्नेहन, स्वेदन, कर्णपूरण अशा जातीचे आहेत. त्या उपचारांची आजची उपयुक्तता हा निराळा प्रश्न. प्रस्तुत मुद्दा एवढाच की, बाहेरचा नाद ऐकवून आतला नाद घालविण्याचा उपचार या सामान्य चिकित्सेत नाही. ज्या परंपरेचा हवाला दिला जातो, त्या परंपरेतील वैद्यकाने नादावर नादाचा उपचार योजलेला नाही.

३

या वाङ्मयात ज्या संगीतशास्त्रीय ग्रंथाचे नाव आदराने घेतले जाते तो शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर होय. हा ग्रंथ महाराष्ट्राच्या भूमीतला आहे. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातील शार्ङ्गदेव तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी अधिकारी होता. स्वरगताध्यायात त्याने नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद सांगितले आहेत, आणि त्याच ठिकाणी देहाची उत्पत्ती व रचनाही विस्ताराने वर्णिली आहे. देह आणि नाद एकाच अध्यायात आल्यामुळे नादाने देह बरा होतो असे शार्ङ्गदेवाचे मत असावे, अशी समजूत सहज होते.

ग्रंथ नीट वाचल्यास ही समजूत टिकत नाही. अनाहत नाद मुनींच्या उपासनेचा व मुक्तिदायक असला तरी त्यात रंजकता नाही, म्हणून तो लोकांच्या मनास रिझवीत नाही, असे शार्ङ्गदेव स्पष्ट म्हणतो. आणि मग आपल्या विवेचनासाठी आहत नाद निवडतो. संगीताचे शास्त्र उभारताना त्याने पहिली गोष्ट केली ती या दोन नादांची फारकत. आजचे ध्वन्युपचाराचे वाङ्मय नेमकी हीच फारकत पुसून टाकते.

याहून मार्मिक आहे ते शार्ङ्गदेवाचे आत्मनिवेदन. आपण द्रव्याने विप्रांची, विद्येने जिज्ञासूंची आणि रसायनांनी रोगपीडितांची पीडा दूर केली, अशा आशयाचे वर्णन तो ग्रंथारंभी करतो. आणि त्यानंतर, आता सकल लोकांचा तापत्रय हरण करावा या इच्छेने आपण संगीतरत्नाकर प्रकट करीत आहोत, असे सांगतो. येथे दोन शब्दांची योजना अर्थपूर्ण आहे. गदासाठी, म्हणजे रोगासाठी, रसायन. आणि तापासाठी संगीत. ग्रंथाचे फल सांगण्याचा हा रूढ संकेतही असू शकेल, हा आक्षेप मान्य करण्यास प्रत्यवाय नाही. तथापि जो स्वतः वैद्यकही जाणत होता अशा ग्रंथकाराने रोग्यास राग न देता रसायन दिले, आणि संगीताचे प्रयोजन सांगताना गद हा शब्द टाळून ताप हा शब्द घेतला, ही वस्तुस्थिती त्या आक्षेपानंतरही शिल्लक राहते.

गद आणि ताप यांमधील हा विवेक कर्णनादाच्या संदर्भात विशेष उपयोगी आहे. कानातील नाद हा गद. त्या नादामुळे होणारी निद्रेची हानी, भीती, चिडचिड आणि एकटेपण हा ताप. एक नाहीसा न होताही दुसरा कमी होऊ शकतो. ध्वन्युपचारांच्या भाषेचा मुख्य दोष असा की, ती तापाविषयी बोलावयाचे तेथे गदाविषयी बोलते. शमनाचे सामर्थ्य असलेल्या साधनास ती निर्मूलनाचे साधन म्हणून पुढे करते.

४

आता वैज्ञानिक म्हणविल्या जाणाऱ्या आधाराकडे वळावे. सेकंदास ४३२ आवर्तनांचा स्वर निसर्गाशी सुसंवादी असून ४४० आवर्तनांचा स्वर शरीरास बाधक आहे, हे विधान या वाङ्मयात वारंवार भेटते. इतिहास असा की, युरोपात स्वरमेलनाचा मानक स्वर देशपरत्वे आणि काळपरत्वे बदलत आला. फ्रान्सने १८५९ साली तो ४३५ ठरविला. १९३९ साली लंडन येथील परिषदेत ४४० हा अंक स्वीकारला गेला. हा व्यवहाराच्या सोयीचा संकेत आहे. शिवाय आवर्तने मोजावयाची ती सेकंदाने, आणि सेकंद म्हणजे मुळात मनुष्याने दिवसाचे ८६,४०० भाग कल्पून ठरविलेले माप. ते माप निराळे असते तर ४३२ हा अंकही निराळा झाला असता. ज्या अंकाचे अस्तित्व मोजपट्टीवर अवलंबून आहे, त्याच्या ठिकाणी उपजत रोगहारक गुण मानता येत नाही.

भारतीय संगीताच्या जाणकारास तर हा दावा मुळातच विचित्र वाटला पाहिजे. आपल्याकडे षड्ज नियत नाही. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी काळी चारमध्ये. तंबोरा गायकाच्या गळ्याप्रमाणे लावला जातो. रागाचे रागत्व स्वरांच्या परस्परसंबंधात असते. कोणत्याही एका स्वराच्या आवर्तनसंख्येत ते नसते. तेव्हा "भारतीय नादशास्त्रानुसार" म्हणून एखादा स्थिर अंक सांगणारे पत्रक त्या शास्त्राच्या पहिल्याच तत्त्वाशी विसंगत बोलत असते.

रागचिकित्सेच्या कोष्टकांची स्थिती याहून फारशी बरी नाही. अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग कर्णनादावर, अशी जी कोष्टके दिली जातात त्यांत लय, बंदिश, गायक, ऐकण्याचा काळ यांचा विचार नसतो. प्राचीन ग्रंथांतील रागनामे आणि आजची रागनामे सारखी असली तरी त्यांतील स्वर सारखे आहेत असे म्हणता येत नाही. मग प्राचीन ग्रंथाच्या नावावर आजच्या रागाची मात्रा कोणत्या आधाराने द्यावयाची?

दोन कानांत किंचित भिन्न आवर्तनांचे स्वर सोडण्याचा प्रकार यांपेक्षा निराळा आहे. कारण त्याच्या मुळाशी एक खरी घटना आहे. एका कानात २०० आणि दुसऱ्यात २१० आवर्तनांचा स्वर सोडला तर ऐकणाऱ्यास सेकंदास दहा हेलकावे जाणवतात. जर्मन शास्त्रज्ञ डोव्ह याने एकोणिसाव्या शतकात ही घटना नोंदविली. परंतु हेलकावे जाणवतात हे एक विधान, आणि त्या हेलकाव्यांनी कर्णनाद बरा होतो हे दुसरे विधान. पहिल्याचे प्रमाण दुसऱ्यास लागू पडत नाही. सत्य घटनेच्या पायावर अप्रमाणित निष्कर्षाचा मजला चढविणे ही या वाङ्मयाची आवडती रचना आहे. आणि पाया खरा असल्यामुळेच सुशिक्षित वाचकही वरच्या मजल्यावर निःशंकपणे पाऊल टाकतो.

५

ध्वनीचा उपयोग करणारे सर्वच उपचार मात्र एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. कर्णनादाविषयीची आजची समजूत थोडक्यात अशी आहे. अंतःकर्णातील वेटोळ्या नळीत सुमारे १५,००० केशपेशी असतात. मोठा आवाज, वार्धक्य, काही औषधे इत्यादींमुळे त्या नष्ट झाल्या तर मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारे संदेश उणावले म्हणजे मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवितो, आणि त्या वाढीतून नसलेला ध्वनी ऐकू येऊ लागतो, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. दुसरीकडे, १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी साधारण श्रवण असलेल्या ८० व्यक्तींना ध्वनिरोधक खोलीत बसविले असता त्यांपैकी ९४ टक्के व्यक्तींनी काही ना काही नाद ऐकू आल्याचे सांगितले. म्हणजे पूर्ण शांततेत बहुतेकांचे कान वाजतात. प्रश्न असा उरतो की, काहींना तो नाद असह्य का होतो?

पावेल यास्ट्रेबॉफ यांनी १९९० साली मांडलेल्या उपपत्तीचा रोख याच प्रश्नाकडे होता. नाद असह्य होतो तो त्याच्या तीव्रतेमुळे नव्हे. मेंदूतील भय व अवधान यांच्या यंत्रणेने त्यास धोक्याची खूण मानल्यामुळे तो असह्य होतो, असे त्यांचे प्रतिपादन. त्यावरून समुपदेशन आणि मंद पार्श्वध्वनी यांची जोड असलेली पद्धती निर्माण झाली. या पद्धतीचे उद्दिष्ट नाद घालविणे हे नव्हते; त्याकडे दुर्लक्ष होऊ देणे हे होते. भाषा प्रामाणिक होती. पण प्रामाणिक भाषेलाही परीक्षेतून सुटका नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत १५१ व्यक्तींचे तीन गट केले होते. एकास पूर्ण पद्धती, दुसऱ्यास समुपदेशनासह केवळ नावापुरते ध्वनियंत्र, आणि तिसऱ्यास नेहमीची सेवा दिली गेली. तिन्ही गटांत सुधारणा दिसली. गटागटांत मात्र अर्थपूर्ण भेद दिसला नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या समीक्षेत ८ अभ्यास व ५९० व्यक्ती यांचा विचार करून, ध्वनियंत्रे ही प्रतीक्षायादी किंवा आभासी उपचार यांपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही, असे म्हटले आहे. रुग्णाच्या नादाची आवर्तने वगळून तयार केलेल्या संगीताचा प्रयोग २०१० च्या सुमारास आशादायक वाटला. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १०० व्यक्तींच्या चाचणीत त्याच्या मुख्य कसोटीवर लाभ सिद्ध झाला नाही.

याउलट, विचारवर्तनाधिष्ठित मानसोपचाराविषयीच्या २०२० च्या समीक्षेत २८ अभ्यास व २,७३३ व्यक्ती यांच्या आधारे, कर्णनादाचा जीवनावरील दुष्परिणाम त्याने कमी होऊ शकतो, असा निष्कर्ष आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ च्या मार्गदर्शिकेत याच उपचाराची शिफारस केली, श्रवणदोष असल्यास श्रवणयंत्राची शिफारस केली, आणि ध्वन्युपचारास केवळ पर्याय म्हणून स्थान दिले. म्हणजे आजच्या परीक्षित उपचारांपैकी जे टिकले ते प्रामुख्याने तापाचे उपचार आहेत. देवगिरीच्या ग्रंथकाराने केलेला शब्दभेद आणि आजच्या चाचण्यांनी दाखविलेला भेद यांचा ऐतिहासिक संबंध नाही. पण दोहोंच्या प्रकाशात एकच दोष उघडा पडतो.

येथे असा प्रश्न विचारला जाईल की, बरे वाटत असेल तर बिघडले कोठे? रात्री पंख्याची घरघर किंवा मंद लावलेला पावसाचा आवाज असता नाद कमी जाणवतो, हा अनेकांचा अनुभव खरा आहे. शांतता आणि नाद यांतील विरोध उणावतो एवढाच त्याचा अर्थ. त्यात गैर काही नाही, आणि त्यास खर्चही नाही. हानी होते ती निर्मूलनाच्या वचनाने, आणि ती तिहेरी असते. पहिली द्रव्याची. दुसरी काळाची, कारण एकाच कानातील नाद, नाडीच्या ठोक्यागणिक येणारा नाद, किंवा अचानक आलेले बहिरेपण यांस त्वरित वैद्यकीय तपासणी आवश्यक असते, आणि अचानक बहिरेपणात तर दिवसांची दिरंगाईही महाग पडते. तिसरी हानी सर्वांत सूक्ष्म आहे. नाद जाणार असे वचन मिळालेला माणूस रोज सकाळी उठून तो गेला काय हे ऐकून पाहतो. ज्या अवधानातून नादास बळ मिळते, तेच अवधान हा उपचार रोज जागे करतो. शेवटी नाद न गेल्यास दोष उपचाराचा न ठरता "श्रद्धा कमी पडली" म्हणून रुग्णाचा ठरतो. आणि 'तुझे कान वाजले असतील' या वाक्याची निराळ्या शब्दांत पुनरावृत्ती होते.

६

कर्णनादाचे एक जुळे दुखणे म्हणजे सामान्य ध्वनीही सहन न होणे. वाग्भटाने रसक्षयाच्या लक्षणांत 'शब्दासहिष्णुता' हा नेमका शब्द योजला आहे. मराठी शास्त्रीय लेखनात तो स्वीकारण्याजोगा आहे. भांड्यांचा आवाज, मुलांचे ओरडणे, खुर्ची सरकल्याचा आवाज यांनी ज्याच्या कानात कळ जाते, तो माणूस घरात तऱ्हेवाईक आणि कचेरीत गैरमिळाऊ ठरतो. दूरध्वनीसेवेच्या केंद्रांत हेडफोनमधून अकस्मात आलेल्या कर्कश ध्वनीनंतर कानदुखी, कान भरल्याची जाणीव, नाद आणि शब्दासहिष्णुता हा लक्षणसमूह आढळल्याच्या नोंदी अनेक देशांत झाल्या आहेत. तेव्हा हिंजवडीसारख्या ठिकाणी हा केवळ स्वभावाचा प्रश्न मानणे योग्य नव्हे.

या विकारात संशयास्पद उपचारांची दिशा उलट असते. येथे शांतता विकली जाते. सर्वकाळ कान बंद ठेवण्याची साधने सुचविली जातात. फॉर्मबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दोन आठवडे कानात बोळे घालणाऱ्यांची ध्वनिसंवेदना वाढली, तर मंद ध्वनी सतत ऐकणाऱ्यांची ती कमी झाली, असे आढळले. मोठ्या आवाजात कानांचे रक्षण आवश्यकच आहे. परंतु साध्या आवाजापासून सतत पळणे सहनशक्ती घटविते. येथे ध्वनीस खरे स्थान आहे, आणि ते नेमके मोजून दिलेले आहे.

तथापि सोसण्याचा सारा भार पीडितावर टाकून समाजास मोकळे होता येणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने या विषयावर सविस्तर निर्णय दिले. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकाप्रमाणे कानात वाजणाऱ्या साधनांसाठी प्रौढांची मर्यादा आठवड्यास ८० डेसिबल व ४० तास अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की अनुज्ञेय काळ निम्मा होतो. ८९ डेसिबलवर तो केवळ ५ तास उरतो. ध्वन्युपचाराच्या वाङ्मयात असले अंक क्वचितच आढळतात. त्याचे कारण उघड आहे. या अंकांचा रोख रस्ता, कचेरी आणि उत्सव यांच्याकडे आहे. व्यक्तीच्या 'कंपनांकडे' नाही, आणि त्यांतून विकण्याजोगे काही निष्पन्न होत नाही.

७

कर्णनादाशी नादाचा सर्वांत सखोल व्यवहार पाहावयाचा असेल तर तो कलेत पाहावा लागेल. चेक संगीतकार बेद्रिख स्मेताना याची श्रवणशक्ती १८७४ साली गेली. तत्पूर्वीपासून त्यास कर्णनादाने ग्रासले होते. १८७६ साली त्याने 'माझ्या जीवनातून' या नावाची चार तंतुवाद्यांची रचना केली. तिच्या अखेरच्या भागात आनंदी नृत्यलय एकाएकी तुटते, इतर वाद्यांच्या थरथरत्या स्वरांवर पहिल्या व्हायोलिनचा एक अतितार स्वर दीर्घकाळ टिकून राहतो, आणि त्यानंतर संगीतात पूर्वीचा उल्हास परत येत नाही. तो स्वर म्हणजे आपल्या बहिरेपणाच्या आरंभी कानात वाजणारी घातक शिट्टी, असे स्पष्टीकरण स्वतः स्मेतानाने दिले आहे. या रचनेने त्याचा नाद गेला नाही. त्याची तशी अपेक्षाही नव्हती. पण ज्यास साक्षीदार नव्हता असा स्वर सभागृहातील प्रत्येकाने ऐकला.

ध्वन्युपचारांच्या वाङ्मयावरील मुख्य आक्षेप यावरून अधिक स्पष्ट होतो. पीडितास प्रथम हवा असतो तो विश्वास, आणि तो या वाङ्मयातून मिळतो हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या विश्वासाची किंमत म्हणून ते त्याच्याकडून खोट्या वचनाचा स्वीकार करवून घेते. विश्वास आणि सत्य ही दोन्ही एकाच ठिकाणी मिळणे आवश्यक आहे, आणि त्याची जबाबदारी वैद्यकाइतकीच भाषेच्या अभ्यासकांवरही आहे. कर्णनादाच्या त्रासाचे मापन करण्यासाठी १९९६ साली सिद्ध झालेली २५ प्रश्नांची इंग्रजी प्रश्नावली आज अनेक भाषांतून वापरली जाते. अशा साधनाची मराठी रूपे तपासताना 'कान वाजणे' या शब्दप्रयोगाचा दुसरा अर्थ प्रश्नात डोकावत नाही ना, हे पाहावे लागेल. रुग्ण नादाचे वर्णन रातकिडे, कुकरची शिट्टी, गिरणी, विजेच्या तारेची गुणगुण अशा कोणत्या शब्दांनी करतात, गावागावांत हे शब्द कसे बदलतात, आणि "सहन होत नाही" हे सांगण्यासाठी कोणती क्रियापदे येतात, याचा पद्धतशीर संग्रह विद्यापीठाच्या एखाद्या विभागास सहज हाती घेता येईल. माधवनिदानाने भेरी, शंख आणि वेळू यांची जी सूची दिली, तिचे हे आजचे पुढील पान होईल. आणि हिंजवडीच्या एखाद्या कचेरीतील रुग्णास आपले दुखणे सांगण्यासाठी, भास ठरण्याची भीती नसलेले शब्द त्यातून मिळतील.